उन्हाला पाठ

तिने पिशवी उपडी केली आणि सहा महिन्यांचे रविवार ओल्या फळीवर खडखडत सांडले. एक खडा घरंगळत जमिनीवर गेला. दगड कापणाऱ्या बाईने करवतीचं चाक बंद केलं, रबरी एप्रनला हात पुसले आणि आधी तो खाली पडलेला खडा उचलून फळीवर ठेवला. मग दोन बोटांनी एकेक दगड बाजूला सारायला सुरुवात केली. भाजी निवडावी इतक्या सहज ती ते करत होती.

“गारगोटी. गारगोटी. ही बाटलीच्या बुडाची काच. ही पण गारगोटी. ही वीट.”

“वीट?”

“नदीने गोल केलेली. छान गोल केलीय पण.”

ती वीट तिने रुमालात गुंडाळून आणली होती. सगळ्या ढिगात तोच तिला खात्रीचा दगड वाटला होता. नवऱ्यानेही तो हातात घेऊन ‘बरा आहे, ठेव’ असं म्हटलं होतं. तिने रुमालाची घडी घातली आणि पर्समध्ये टाकली.

दुकान म्हणजे एक लांबट खोली होती. भिंतीला लागून तीन यंत्रं, जमिनीवर दगडाच्या पिठाचा राखाडी चिखल, आणि खिडकीत पैलू पाडून ठेवलेल्या खड्यांच्या दोन थाळ्या. इथे यायचं तिने मनात आणल्याला दोन महिने झाले होते. नवऱ्याला कळू न देता यायचं, म्हणून शनिवारची अर्धी सुट्टी गाठली होती. निदान दर रविवारी नदीवर वेचलेल्या दगडांची नावं तरी नीट कळावीत, एवढीच अपेक्षा होती. अकीकसारखा किमती खडा सापडणं काही आपल्या नशिबात नाही हे तिने मान्य करून टाकलं होतं.

ढिगाच्या तळाशी बटाट्याच्या सालीसारख्या कातडीचा एक मळकट दगड होता. दगड कापणारीचा हात तिथे थांबला. तिने तो ओला केला, टेबलावरच्या दिव्यासमोर धरला आणि हळूच फिरवला. दगडाची कड मधासारखी पिवळसर उजळली.

“हा अकीक आहे. चांगला आहे. हा कसा मिळाला?”

“पाय अडखळला.”

दगड कापणारी हसली. ती मात्र हसली नाही. हा दगड तिने नवऱ्याला दाखवला होता. त्याने तो तळहातावर तोलला, अंगठ्याने चाचपला, ओठाला लावून पाहिला आणि सांगितलं, टाकून दे. तिने केवळ हट्टाने तो पिशवीत ठेवला होता.

चार-दोन प्रश्नांत दगड कापणारीने सगळं काढून घेतलं. कुठे जाता, किती वाजता, कोणत्या काठाने चालता. नदीच्या वळणापासून खाली, सकाळी लवकर, ऊन पाठीवर घेऊन, असं तिने सांगितलं. ऊन डोळ्यांत गेलं की काही दिसत नाही, म्हणून उन्हाला पाठ करायची. पहिल्याच दिवशी तसं शिकवलं आहे.

“कोणी शिकवलं?”

“मिस्टरांनी. नकाशे काढायचे ते, सर्व्हेच्या ऑफिसात.”

“अच्छा, नकाशेवाल्यांच्या तुम्ही.” दगड कापणारीने अकीक फळीवर ठेवला. स्वच्छ असलेला एक दगड ती उगाच पुसत राहिली. मग म्हणाली, “हे बघा ताई, अकीक शोधायचा तर ऊन तोंडावर घ्यायचं. सकाळचं, तिरपं येणारं. गारगोटी तशीच राहते, वीट तशीच राहते, आणि अकीक आतून पेटतो. दहा पावलांवरून दिसतो. पाठीमागून ऊन पडलं की सगळे दगड सारखेच. हे शाळेच्या सहलीतल्या पोरांनासुद्धा पहिल्या पाच मिनिटांत सांगतात.”

“त्यांना माहीत नसेल.”

“त्यांनीच मला सांगितलंय. वीस वर्षं झाली असतील.” मग तिने विषय बदलल्यासारखं विचारलं, हल्ली ते दिसत नाहीत, दोन वर्षांत एक दगड कापायला आणला नाही, छंद सुटला की काय.

“दर रविवारी सापडतो त्यांना. एक तरी.”

“मग दुसरीकडे कापून घेत असतील,” दगड कापणारी म्हणाली आणि चाक सुरू करायला वळली.

रस्त्यावर आल्यावर तळपायाची आग मस्तकात जाणं म्हणजे काय ते तिला कळलं. ती बसच्या थांब्यावरून पुढे गेली, पुढच्या थांब्यावरूनही पुढे गेली. सहा महिने. चोवीस-पंचवीस रविवार. पहाटे उठून, डबा भरून, बस पकडून, वाकून वाकून कंबर मोडून घेतली, ती उन्हाला पाठ करून. आणि हा माणूस वळणावरच्या झाडाखाली बसून राहायचा, तासाभराने ती परतली की मूठ उघडून दाखवायचा आणि म्हणायचा, हे बघ, असा असतो अकीक. वर चारचौघांत विनोद करायचा. हिला खडे फक्त धान्यातलेच सापडतात म्हणे. लोक हसायचे. तीही हसायची, आणि आता तिला त्या हसण्याचाच जास्त राग आला.

गोष्ट नुसत्या दगडांची असती तर तिने घरी जाऊन भांडी आपटली असती आणि प्रकरण मिटलं असतं. पण गोष्ट नुसत्या दगडांची नव्हती.

औषधांच्या कारखान्यात बावीस वर्षं तिची जागा तपासणीच्या पट्ट्यावर होती. पांढऱ्या उजेडाखालून गोळ्या सरकत जायच्या, मिनिटाला शेकड्यांनी, आणि तिने त्यातली तडकलेली, डागाळलेली, कडा उडालेली गोळी चिमट्याने उचलायची. बाकीच्या बायका दर अर्ध्या तासाने डोळे मिटून बसायच्या, हिला तेही लागायचं नाही. कारखान्यात तिला घार म्हणायचे. नवे साहेब आले की जुने त्यांना पट्ट्यापाशी आणून सांगायचे, ही आमची घार. त्या खुर्चीचा तिला गर्व होता, आणि गर्व करण्यासारखं तिच्याकडे दुसरं फारसं काही नव्हतं. मूलबाळ नाही. घर नवऱ्याच्या आवडीनिवडीने लावलेलं. नवऱ्याच्या दगडांचे झाकणाचे डबे चार फळ्यांवर, तिचं सामान एका कपाटात.

मग सहा महिन्यांपूर्वी नवरा म्हणाला होता, चल तूही नदीवर, शिकवतो. सव्वीस वर्षांत पहिल्यांदा म्हणाला होता. किती आनंद झाला होता तिला, हे आठवून ती आता रस्त्याच्या मधोमध थांबली आणि मागून येणाऱ्या सायकलवाल्याने घंटी वाजवली.

पहिला महिना काही सापडलं नाही. दुसराही तसाच गेला. तिसऱ्या महिन्यात ती सोमवारी पट्ट्यावर बसली तेव्हा मनात आलं, आपल्याला खरंच दिसतंय ना? एवढा विचार पुरला. गोळी पुढे जायची आणि ती मान वळवून गेलेल्या गोळीकडे पाहायची. पट्टा थांबवायची. काही नसायचं. पुन्हा सुरू करायची. आणि एके दिवशी, मागे पाहण्याच्या नादात, कड उडालेली एक गोळी तिच्या समोरून निघून पुढच्या बाईने उचलली. कोणी बोललं नाही. ते न बोलणंच तिला लागलं.

घरी नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, वयाप्रमाणे व्हायचंच, एखादी मोठी चूक होऊन बदनामी व्हायच्या आधी आपणहून बाजूला हो. अर्ज त्यानेच सांगितला, तिने लिहून घेतला. तो खिडकीशी उभा राहून सांगत होता, एकदाही न अडखळता: नजरेत पूर्वीची धार राहिलेली नाही, बारीक पाहू गेल्यास मधोमध धूसर दिसते, कडेचे तेवढे स्पष्ट राहते, सरळ रेघ वाकडी दिसते. मला असं काही होत नाही, ती म्हणाली होती. असं लिहिलं की मंजूर करतात, तो म्हणाला होता. तिने सही केली.

आता ती खोकी भरायच्या विभागात दिवसभर उभी राहायची. खुर्चीवर एक नवी मुलगी होती. मुलगी चांगली होती, आणि महिनाअखेर तिला कायम करणार होते. तोपर्यंत अर्ज मागे घेता येतो, असं सुपरवायझर म्हणाला होता. महिनाअखेर बुधवारी होती.

घरी आली तेव्हा नवरा रेडिओवर बातम्या ऐकत होता. हल्ली तो वर्तमानपत्र वाचायचा नाही, ऐकायचा. तिने चहा ठेवला. उद्या दव पडलेलं असेल, बूट घाल, तो म्हणाला. तिने बरं म्हटलं. कपात चहा ओतताना आवाज साधा निघाला, आणि त्या साधेपणाचं तिला स्वतःलाच आश्चर्य वाटलं. आत्ता बोललं असतं तर त्याने काहीतरी समजूत घातली असती. समजूत घालण्यात तो हुशार होता. आधी आपल्या डोळ्यांनी पाहायचं, मग बोलायचं, असं तिने ठरवलं.

सकाळी नदीवर पोचले तेव्हा ऊन नुकतंच पलीकडच्या झाडांवरून खाली उतरलं होतं. नदीचं पात्र पावसाळ्यानंतर आटलं की वळणापासून खाली अर्धा मैल नुसते गोटे असतात. सगळे दवाने ओले होते. नवरा नेहमीसारखा तिच्या खांद्यावर हात ठेवून उतारावरून आला. नेहमीच्या झाडाखाली नेहमीच्या दगडावर बसला, आणि म्हणाला, तू जा पुढे, मी इथल्या जागा बघतो.

ती पुढे गेली. त्याचा आवाज पोचणार नाही इतकी लांब गेली. मग वळली आणि ऊन तोंडावर घेतलं.

आधी डोळे दिपले. पाणी आलं. तिने हाताचा आडोसा केला, नजर खाली केली आणि थांबली. आणि मग डाव्या बाजूला, आठ-दहा पावलांवर, गोट्यांच्या मधोमध एक ठिणगी दिसली. सिगारेटच्या टोकाएवढी, तांबूस. तिने पाऊल टाकलं तरी ती गेली नाही. जवळ गेली, वाकली, दगड उचलला. अंगठ्याएवढा होता. ओला, जड, आणि ओठाला लावल्यावर गारठा दातांपर्यंत गेला. खरा दगड गार लागतो, काच तेवढी गार लागत नाही. हेही नवऱ्यानेच शिकवलं होतं. खिशातल्या काचेच्या तुकड्यावर तिने तो ओढला. काचेवर पांढरा चरा उमटला.

डोकं वर केलं तर पुढे आणखी दोन पेटलेले होते.

आनंद व्हायला हवा होता. तो झालाच नाही. प्रत्येक दगडाबरोबर राग वाढत गेला. हा पहिल्या रविवारी इथेच होता. हा तिसऱ्या रविवारी. इथून आपण पाठ करून गेलो, याच्यावर पाय देऊन गेलो असू. ती वाकत होती, उचलत होती, पुसत होती आणि मनातल्या मनात नवऱ्याला असं काही बोलत होती, जे तिने आजवर कुणालाच म्हटलं नव्हतं. डोळ्यांना काही झालेलं नव्हतं. पंधरा पावलांवरचा वाटाण्याएवढा खडा दिसत होता. डोळे बावीस वर्षं होते तसेच होते, आणि ती खोकी भरत होती.

पिशवीचं बूड जड झाल्यावर ती मागे फिरली. काय करायचं ते ठरलं होतं. सगळे दगड त्याच्या मांडीवर ओतायचे आणि एकच शब्द बोलायचा, का.

तिची चाहूल लागताच नवरा उठून उभा राहिला. मूठ पुढे केली.

“आज एकच मिळाला. पण बघ कसा आहे.”

मुठीत लालसर अकीक होता, चांगला सुपारीएवढा. तिने तो घेतला. बोलायला तोंड उघडलं होतं, पण सहा महिन्यांची सवय. हात आपोआप ओठांकडे गेला.

दगड कोमट होता.

तिने पुन्हा लावून पाहिला. कोमटच. काच असेल म्हणून उन्हासमोर धरला. आत एकही बुडबुडा नव्हता, नुसत्या बारीक वळ्या होत्या. खिशातल्या तुकड्यावर ओढला, चरा उमटला. दगड खरा होता. पण भोवतालचे सगळे गोटे दवाने निथळत होते आणि हा कोरडा होता. मातीचा कण नाही, ओलाव्याचा डाग नाही. माणसाच्या अंगाची ऊब तेवढी होती. हा दगड सकाळपासून कोणाच्या तरी खिशात होता.

तिने नवऱ्याकडे पाहिलं. तो तिच्याकडे बघत हसत होता. पण नजर तिच्या तोंडावर नव्हती. कानाच्या जरा पलीकडे, जिथे काहीच नव्हतं, तिथे तो हसत होता.

तिने पिशवीत हात घातला, मूठभर दगड काढले आणि तळहात त्याच्या छातीसमोर धरला. दगडांवर ऊन पडलं होतं.

“काय झालं?” तो म्हणाला. “आवडला नाही?”

“माझ्या हातात काय आहे?”

त्याचं हसू होतं तसंच राहिलं. “दगड.”

“किती?”

त्याने मान थोडी वळवली, आणखी थोडी, डोळ्याच्या कडेने काही मिळतंय का पाहत. “तीन,” तो म्हणाला. मग म्हणाला, “चार असतील.” मग खाली बसला.

सात होते. तिने ते पिशवीत परत टाकले.

“कधीपासून?”

“नोकरी सोडली त्याच्या आधीपासून.” कंटाळा आला म्हणून सोडली, असं त्याने तेव्हा सांगितलं होतं. “रेघ वाकायला लागली. पट्टी धरून काढायचो आणि मधोमध वाकायची. आधी वाटलं पट्टीच वाकडी आहे. तीन पट्ट्या बदलल्या मी.”

पट्ट्या बदलणारा तो माणूस तिच्या डोळ्यांसमोर आला, आणि त्याच्या मागोमाग तो अर्ज आला. सरळ रेघ वाकडी दिसते. तिच्या कामात रेघ होती कुठे? बावीस वर्षं तिने गोळ्या पाहिल्या, आणि गोळ्या गोल असतात. लिहून घेताना हे तिच्या डोक्यात आलं नाही. मधोमध धूसर दिसते. कडेचे स्पष्ट राहते. शब्दाला अडखळला नव्हता तो, कारण शब्द शोधावे लागतच नव्हते.

“माझ्या अर्जात तुमचे डोळे लिहिलेत,” ती म्हणाली.

तो जमिनीवर हात टेकून बसून राहिला.

डॉक्टरांकडे तो एकटाच जाऊन आला होता. मधला भाग परत यायचा नाही, कडा राहतील, असं ते म्हणाले होते. हे तिने विचारल्यावर त्याने सांगितलं, तेही तुटक. डब्यांतले दगड त्याला हाताने ओळखता येत होते, म्हणून शनिवारी एक काढून खिशात ठेवायचा. नदी सोडवत नव्हती. आणि नदीवर एकट्याने येणं आता जमत नव्हतं. बसचा नंबर दिसत नव्हता, उताराचा अंदाज येत नव्हता.

म्हणजे ‘चल, शिकवतो’ हे त्यासाठी होतं. वाट दाखवायला तिचे डोळे हवे होते. फक्त त्या डोळ्यांना दगड दिसायला नको होते.

“मला उलटं का शिकवलंत?”

“तुझी नजर काय आहे ते मला माहीत होतं,” तो म्हणाला. “पहिल्याच रविवारी सापडलं असतं तुला. ढीग घेऊन आली असतीस.”

“मग?”

“मग मी कशाला यायचं नदीवर?”

“आणि ज्याला माझा पाय अडखळला तो? टाकून दे म्हणालात.”

“तो हातात घेतल्या घेतल्या कळला होता.”

त्याने हे इतक्या सरळपणे सांगितलं की दया येऊ पाहत होती. सव्वीस वर्षांचा संसार होता, ती यायचीच. पण तिने ती येऊ दिली नाही. दया आली असती तर आजचा दिवस त्याचा झाला असता, त्याच्या डोळ्यांचा, त्याच्या तीन पट्ट्यांचा. तिची खुर्ची पुन्हा एकदा बाजूला सरकली असती. आणि राग काही एकट्या त्याच्यावर नव्हता. केसाएवढा तडा पाहणाऱ्या बाईला रोज समोर जेवायला बसणाऱ्या माणसाचे डोळे दिसले नाहीत. दोन वर्षं. कसली घार.

“माझी खुर्ची गेली,” ती म्हणाली. “तुम्हाला ठाऊक होतं ती कशी गेली. तुम्ही खिडकीशी उभं राहून घालवलीत.”

“हो.”

एवढंच म्हणाला. ‘चुकलं’ म्हणाला नाही. म्हणाला असता तर तिने काय केलं असतं, तिला सांगता आलं नसतं.

पिशवीत वही होती. दगड कुठे सापडला, कधी, ते लिहून ठेवायची वही. सहा महिन्यांत तिची दोन पानं भरली होती. तिने मागचं कोरं पान उघडलं, पेन काढलं आणि त्याच्या समोरच्या गोट्यावर बसली.

“सांगा,” ती म्हणाली. “दुसरा अर्ज सांगा. माझी नजर चांगली आहे म्हणून. त्या दिवशी सांगितलात तसा.”

“इथे?”

“बुधवारी महिना संपतो.”

त्याने घसा साफ केला. माननीय साहेब, म्हणून सुरुवात केली. मागील अर्ज रद्द समजावा, इथपर्यंत नीट आला. कारण की, म्हणाला आणि थांबला. कारण की माझी नजर, म्हणाला आणि पुन्हा थांबला. त्या अर्जाच्या वेळी ज्याला एकेक शब्द आयता मिळत होता, त्याला आता पुढचं वाक्य सापडत नव्हतं. ती पेन कागदावर टेकवून वाट पाहत राहिली. तिने मदत केली नाही.

“काय काय दिसतं तुला?” त्याने शेवटी विचारलं. “सांग ना. त्याशिवाय कसं लिहिणार?”

हे त्याने कधी विचारलं नव्हतं. आजवर तो सांगत आला होता आणि ती बघत आली होती. ती काहीतरी लागेल असं बोलणार होती. मग तिने मान वर केली आणि सांगायला लागली, रागातच, पट्ट्यावरची खराब गोळी उचलून टाकावी तसं एकेक.

“पलीकडच्या काठाने एक माणूस सायकल ढकलत चाललाय. मागच्या चाकात हवा नाही. त्याच्या पुढे कुंपण आहे, पाचव्या खांबाची तार तुटलीय. इथे तुमच्या बुटापाशी मुंग्यांची रांग आहे, एकीच्या तोंडात दुसरी मेलेली मुंगी आहे. तुमच्या सदऱ्याचं तिसरं बटण काळ्या दोऱ्याने शिवलंय, बाकीची पांढऱ्या. हनुवटीखाली डाव्या बाजूला दाढी राहिलीय. रोज तिथेच राहते. आठवडाभराची असेल.”

त्याचा हात हनुवटीकडे गेला. बोटांनी ती जागा शोधली, आणि तिथेच थांबला.

“मग सांगायचं नाही का मला?”

“तुम्ही सांगितलंत?”

खाली पाण्याच्या उरलेल्या डबक्यावर एक पक्षी येऊन बसला आणि उडाला. नवऱ्याने आवाजाच्या दिशेने तोंड वळवलं. हात अजून हनुवटीखालीच होता.

तिने वही गुडघ्यावर नीट धरली. त्याने सांगितलेली ओळ खोडली आणि आपल्या शब्दांत लिहायला सुरुवात केली. पहिलं वाक्य जमायला वेळ लागला. जमल्यावर तिने ते एकदा मनात वाचलं. त्याला वाचून दाखवलं नाही.